माळ्यावरच्या खोलीतले सीलिंगचे दिवे वारंवार जातात? तपासणी या क्रमाने करा

गणपतीला आठ दिवस उरले की मला येणाऱ्या फोनांमध्ये एक वाक्य हमखास असतं: "माळ्यावरचे लाइट पुन्हा गेलेत." मे महिन्यात मुंबईकर मंडळी गावी होती तेव्हा सगळे दिवे लखलखत होते. मग खोली बंद करून ती परतली, पावसाचे तीन महिने गेले, आणि आता सहापैकी दोनच लागतात, एक फडफडतो, बाकीचे मेलेले. मागच्या वर्षीच नवे बसवले होते. त्याच्या आदल्या वर्षीसुद्धा.

चिपळूण-संगमेश्वर पट्ट्यात गेली अठरा वर्षं मी घरांचं वायरिंग करतो. जुन्या कौलारू किंवा पत्र्याच्या घराचा माळा रिकामा करायचा, तिथे राहण्याजोगी खोली काढायची, वरून जिप्समचं किंवा पीव्हीसीचं सीलिंग मारायचं आणि त्यात गोल एलईडी डाउनलाइट बसवायचे, हे काम इकडे आता गावोगाव चालतं. जिथे पूर्वी नारळ, सरपण आणि भाताच्या कणग्या असायच्या तिथे आता पाहुण्यांची खोली असते. खोली छानच होते. फक्त दिवे टिकत नाहीत.

याच एका बिघाडासाठी मी इतक्या वेळा शिडी लावली आहे की एक गोष्ट खात्रीने सांगतो. दोष दिव्यात क्वचित असतो. तो असतो सीलिंगच्या वर, कौलांच्या किंवा पत्र्याच्या खाली राहिलेल्या वीतभर-हातभर पोकळीत. दिवा बदलला तरी ती पोकळी तशीच राहते, म्हणून नवा दिवाही जुन्याच्या वाटेने जातो. खाली दिलेला क्रम मी स्वतः पाळतो तोच आहे: आधी बिनपैशाच्या गोष्टी, मग थोड्या खर्चाच्या, आणि शेवटी ज्यांना तुम्ही हात लावायचा नाही अशा.

आधी लक्षण ओळखा

"लाइट गेले" एवढ्यावरून काही कळत नाही. नेमकं काय होतं ते दोन दिवस बघा आणि कागदावर लिहा. वेळही लिहा.

- दिवा लागतो, वीस-तीस मिनिटांनी आपोआप विझतो आणि थोड्या वेळाने पुन्हा लागतो. दुपारी जास्त, पहाटे अजिबात नाही. हे उष्णतेचं लक्षण.
- एकच दिवा फडफडतो, बाकीचे ठीक. त्या दिव्याचा ड्रायव्हर (घरची वीज एलईडीला चालेल अशी करून देणारी छोटी डबी) किंवा त्याच्या तोंडाशी असलेला जॉइंट.
- खोलीतले सगळे दिवे एकदम फडफडतात. स्विच, खोलीकडे येणारी न्यूट्रल किंवा घराचा पुरवठाच.
- बटण बंद केलं तरी अंधारात दिवे मिणमिणत राहतात. वायरिंगची जोडणी.
- वीज गेल्यावर, इन्व्हर्टरवर असतानाच फडफडतात किंवा गुणगुणतात. इन्व्हर्टर.
- पंखा लावला की दिवे लुकलुकतात. सैल जॉइंट. पंख्याची थरथर सीलिंगच्या सांगाड्यातून जॉइंटपर्यंत पोचते.
- पाऊस लागला की आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारी पेटी) पडते, उघडीप मिळाली की राहते. ओल.
- दिव्याच्या कडेने सीलिंगवर तपकिरी वलय उठलं आहे. पाणी तरी नाहीतर आच तरी, आणि दोन्ही वाईट.

इथेच थांबा, पुढे वाचू नका

पुढच्यातलं काहीही दिसलं तर तपासणी करत बसायचं नाही. मेन बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा.

जळका किंवा मासळीसारखा वास येतो. दिव्यातून पाणी ठिबकतं. पत्र्याला, लोखंडी खांबाला, ओल्या भिंतीला किंवा दिव्याच्या धातूच्या कडीला हात लागल्यावर झिणझिण्या येतात. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण) वर केली की लगेच पडते. घरातले काही दिवे एकदम मंद आणि काही भगभगीत होतात, म्हणजे थ्री फेज घरात न्यूट्रल तुटल्याची शक्यता. तिथे काही सेकंदांत टीव्ही-फ्रिज जळतात. माळ्यावरची जुनी वायर कापडाच्या वेष्टनाची आहे किंवा लाकडी पट्टीतून गेली आहे.

पत्र्याचं मी मुद्दाम पुन्हा सांगतो. माळ्यावर सोललेली वायर पत्र्याला टेकली की सगळं छप्पर करंटचं होतं. मग त्याला बांधलेल्या तारेवर कुणी ओले कपडे टाकायला जातं. झिणझिण्या "थोड्याशाच" आहेत म्हणून दुर्लक्ष करू नका. त्या दिवशी तुमचे पाय कोरडे होते, एवढाच त्याचा अर्थ.

काहीही उघडण्याआधी

शिडी चढायच्या आधी पुरवठा कसा बंद करायचा ते नीट समजून घ्या. कारण माळ्यावरच्या खोलीत यात फसगत होते.

लाइटची एमसीबी बहुतेक घरांत एका पोलची असते. ती फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलीच राहते. कुठेतरी फेज आणि न्यूट्रल उलटे झाले असतील तर एमसीबी खाली असूनही दिव्यापाशी करंट असतो. म्हणून दोन्ही तारा तोडणारा मेन स्विच बंद करा. त्यानंतर इन्व्हर्टर. माळ्यावरची खोली पाहुण्यांची, म्हणून तिथले दिवे हमखास इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलेले असतात. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, आणि तो तुमच्या हातातल्या वायरला २३० व्होल्ट देतो. तेव्हा इन्व्हर्टरचं बटण बंद करा आणि त्याची आउटपुटची पिनही काढून ठेवा. मगच टेस्टर लावून बघा, आणि त्याआधी तोच टेस्टर चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो याची खात्री करा.

सीलिंगच्या वर डोकवायचं असेल तर सकाळी लवकर. जिप्सम किंवा पीव्हीसीवर पाय ठेवायचा नाही, ते माणसाचं वजन घेत नाही. तुळईवर फळी टाकून त्यावर बसा. नाकाला फडकं बांधा. हात घालण्याआधी बॅटरी मारा आणि काठीने आवाज करा. आमच्याकडे माळ्यावर विंचू आणि उंदरांच्या मागे आलेला साप, दोन्ही निघतात.

१. बिघाड फक्त माळ्यावर आहे का?

दिवे फडफडत असताना खाली या आणि स्वयंपाकघरातला दिवा, पंखा बघा. तेही हलत असतील तर माळ्यावर शोधून काही मिळणार नाही. शेजाऱ्यांनाही विचारा. त्यांच्याकडेही तसंच असेल तर खांबावरचा किंवा रोहित्राचा प्रश्न. महावितरणला १९१२ वर कळवा. शेजारी ठीक आणि तुमचं सगळं घर हलत असेल तर मीटरपासून मेन स्विचपर्यंतचा जॉइंट सैल आहे. तो भाग तुम्ही उघडायचा नाही, मीटरचं सील तर नाहीच नाही.

एवढ्या साध्या तपासणीने मी अनेकदा परत फिरलो आहे. एका घरात तीन वर्षांत चौदा दिवे बदलले गेले होते आणि चूक होती मेन स्विचमधल्या काळवंडलेल्या न्यूट्रलच्या स्क्रूची.

२. स्विचबोर्ड

बटण दाबताना चरचर आवाज येतो का? बोर्ड गरम लागतो का? बटणाच्या आत ठिणग्या पडून संपर्क जळला असेल तर सगळे दिवे एकत्र फडफडतात. नवं बटण वडापावच्या पैशात येतं, म्हणून हे आधी.

दुसरं, बोर्डवर दिव्यांसाठी डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) आहे का ते बघा. कधी कधी पंख्याचा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दिव्यांच्या लाइनवर जोडलेला सापडतो. साधा एलईडी ड्रायव्हर डिमरवर चालण्यासाठी बनवलेला नसतो. डिमर विजेच्या लहरीचा तुकडा कापतो, ड्रायव्हर ते भरून काढायला धडपडतो, दिवा फडफडतो आणि काही महिन्यांत जातो. डिमर काढून साधं बटण लावा, किंवा खोक्यावर "डिमेबल" लिहिलेलेच दिवे घ्या.

रात्री दिवे मिणमिणत असतील तर त्याचं मूळही बऱ्याचदा इथेच असतं. बटणातला छोटा लाल इंडिकेटर काही प्रकारच्या जोडणीत दिव्यातून किंचित करंट सोडत राहतो. जुना बल्ब एवढ्याशा करंटने पेटायचा नाही, एलईडीला तो पुरतो. इंडिकेटर नसेल तर दोन शक्यता उरतात. एक, बटणाने फेजऐवजी न्यूट्रल तोडली आहे. ही खरी धोक्याची गोष्ट, कारण बटण बंद असतानाही दिव्यात पूर्ण करंट उभा असतो. दुसरी शक्यता माळ्याच्या खोलीची खास आहे: जिन्याचं वायरिंग. खाली एक बटण, वर एक बटण, आणि मधून शेजारी शेजारी लांबवर धावणाऱ्या तारा. एका तारेतली वीज शेजारच्या रिकाम्या तारेत थोडी उतरते आणि दिवा मंद उजळतो. हे धोक्याचं नाही. वायरमन दिव्याच्या इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा एक्स-२ प्रकारचा कपॅसिटर समांतर लावतो आणि उजेड थांबतो. मात्र दोन्हींतलं कोणतं आहे हे ओळखायला साधा टेस्टर पुरत नाही, कारण तो या उतरलेल्या विजेवरही पेटतो. तिथे टेस्ट लॅम्प (वायर जोडलेला तपासणीचा बल्ब) लागतो आणि तो हाताळायची सवय लागते. न्यूट्रल बटणावर असल्याची शंका आली की वायरमनला बोलवा.

३. अदलाबदल करून बघा

एक दिवा बिघडला आहे आणि शेजारचा चांगला आहे, तर नवा विकत आणण्याआधी ही युक्ती करा. मेन आणि इन्व्हर्टर बंद. दिव्याच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगवर बोटं ठेवून तो हळूच खाली ओढा. स्प्रिंग जोरात मिटते, बोट चेमटतं, सावकाश. दिवा आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये दोन पिनांचा छोटा प्लग असतो. तो सोडवा आणि बिघडलेला दिवा चांगल्या ड्रायव्हरला, चांगला दिवा संशयित ड्रायव्हरला लावा. सगळं पुन्हा छतात बसवून मगच पुरवठा सुरू करा. चालू ड्रायव्हरला दिवा लावायचा किंवा काढायचा नाही. त्या क्षणी वाढलेल्या व्होल्टेजने चांगली एलईडीही जळते.

बिघाड दिव्याबरोबर गेला तर दिवा खराब. आतल्या एलईडी एकामागोमाग एक माळेसारख्या जोडलेल्या असतात. एकीचा टाका तडकला की सगळी माळ विझते. थंड असताना तडा मिटतो आणि दिवा लागतो, तापला की फाकतो आणि दिवा विझतो. बिघाड जागेवरच राहिला तर ड्रायव्हर किंवा त्याच्या मागची वायर. माझ्या कामात दहापैकी सातेक वेळा ड्रायव्हर निघतो.

ड्रायव्हर सुटा मिळतो, दिव्यापेक्षा बराच स्वस्त. पण दुकानात "बारा वॅटचा द्या" एवढंच सांगू नका. जुना ड्रायव्हर सोबत न्या आणि त्यावरचे दोन आकडे जुळवा: आउटपुटचे मिलिअँपिअर आणि आउटपुटच्या व्होल्टची मर्यादा. ३०० मिलिअँपिअरच्या दिव्याला ६०० चा ड्रायव्हर लावला तर दिवा पहिले काही दिवस झकास उजेड देतो आणि मग कायमचा जातो.

तुमच्या सीलिंगमध्ये जुने छोटे हॅलोजन असतील आणि त्या जागी तुम्ही एलईडी दिवे घातले असतील, तर फडफडीचं कारण वेगळं आहे. त्या १२ व्होल्टच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला चालण्यासाठी किमान भार लागतो. ५० वॅटच्या जागी ५ वॅट आले की तो अडखळतो. ट्रान्सफॉर्मर काढून टाका. आणि हॅलोजन अजूनही चालू असतील तर आजच काढा. त्यांच्या मागची आच लाकडाला कोळशासारखी काळी करते, मी पाहिलं आहे. तुमच्या माळ्यावर वासे आणि रिपा शंभर वर्षं वाळलेल्या आहेत.

४. उष्णता: खरी गोम इथे आहे

ही तपासणी फुकट आहे पण वर डोकवावं लागतं, म्हणून चौथी. महत्त्वाने मात्र हीच पहिली.

एलईडीच्या खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं. रोज ५ तास धरले तर तेरा वर्षं चालायला हवा. मग दुसऱ्याच वर्षी का जातो? खोक्यावरचा आकडा दिव्याभोवतीची हवा एका मर्यादेत असेल तरच खरा. ती मर्यादाही खोक्यावर किंवा ड्रायव्हरवर बारीक अक्षरात छापलेली असते, बहुतेक ४० ते ५० अंशांच्या मध्ये कुठेतरी. आता एप्रिल-मे मध्ये दुपारी दोन वाजता पत्र्याखालच्या पोकळीत थर्मामीटर ठेवून बघा. मी एकदा ठेवला तेव्हा ५८ दाखवले, आणि दिवे तेव्हा बंद होते. ते लागल्यावर त्यांची स्वतःची उष्णता त्यात भर घालते.

ड्रायव्हरमध्ये एक छोटा नळकांड्यासारखा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो. त्याच्या आत द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू सुकतो. या कपॅसिटरचा ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. २० अंशांनी वाढलं की पाव. म्हणजे तेराचे तीन होतात, आणि त्यात विजेचे झटके धरले की दीड-दोन. तुम्हाला दुकानदाराने फसवलेलं नसतं. सुकलेला कपॅसिटर ओळखायचा तर त्याचं डोकं फुगलेलं दिसतं.

वर डोकावल्यावर काय बघायचं? ड्रायव्हर दिव्याच्या पाठीवरच पडलेला आहे का. दिव्याच्या मागे मोकळी जागा किती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्यावर काय पांघरलं आहे.

ऊन कमी लागावं म्हणून पत्र्याखाली थर्माकोल, ग्लासवूल किंवा चंदेरी फुगेवाला फॉइल लावतात. खोलीसाठी ते चांगलंच आहे. पण तेच सीलिंगवर आडवं पसरलं आणि दिव्यांच्या पाठीवर आलं की दिव्याला गोधडी घातल्यासारखं होतं, उष्णता जायला वाटच राहत नाही. थर्माकोलचं आणखी एक आहे, जे अनेक कारागिरांनाही माहीत नसतं. वायरचं पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. थर्माकोल वायरला चिकटून राहिला की ते द्रव्य शोषून घेतो. काही वर्षांनी थर्माकोल वायरभोवती वितळल्यासारखा दिसतो आणि वायरचं वेष्टन इतकं कडक होतं की वाकवलं की तडकतं. आत उघडं तांबं. फॉइलचा धोका सरळ आहे: तो धातू आहे, उघडा जॉइंट टेकला की सगळा फॉइल करंटचा.

उपाय बहुतेक हाताने होण्यासारखे आहेत. प्रत्येक दिव्याच्या भोवती सगळ्या बाजूंनी वीतभर जागा मोकळी करा. ड्रायव्हर दिव्यापासून बाजूला घेऊन तुळईच्या बाजूला स्क्रूने बसवा. सीलिंगला टेकवून किंवा गवत-कचऱ्यात लोळत ठेवू नका. पूर्वीच्या सरपणाचा भुसा वर राहिला असेल तर तो आधी झाडून काढा. थर्माकोल वायरपासून दूर करा, किंवा वायर पाइपमधून घ्या. आणि पोकळीतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्या: वळचणीला हवा आत यायला फट आणि आढ्यापाशी बाहेर जायला वाट. दोन्हीकडे बारीक जाळी मारा, नाहीतर उंदरांना निमंत्रण. हवा खेळती झाली की फरक पहिल्याच उन्हाळ्यात जाणवतो.

पोकळीच चार बोटांची असेल, उतरत्या पाख्याला समांतर सीलिंग मारलं की असंच होतं, तर मी मालकांना स्पष्ट सांगतो: छतात पुरलेले दिवे इथे नकोत. सीलिंगच्या बाहेर बसणारे सरफेस दिवे लावा. दिसायला तेवढे सफाईदार नाहीत, पण त्यांची पाठ खोलीतल्या हवेत राहते आणि ड्रायव्हर त्या भट्टीत जात नाही. आधीची भोकं त्यांच्या तळाखाली झाकली जातात.

५. जॉइंट

वायर पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर बिघाड सापडला असं समजायला हरकत नाही. माळ्यावरच्या उन्हात टेपचा गोंद पातळ होऊन पट्टी सुटते, आणि पावसाळ्यात किनारपट्टीच्या दमट हवेत तांब्यावर हिरवट थर चढतो. त्या थराने वीज नीट जात नाही, जॉइंट तापतो, तापल्याने आणखी सैल होतो. फडफड तिथून येते आणि आगही तिथूनच लागते.

मेन आणि इन्व्हर्टर बंद असताना प्रत्येक जॉइंटच्या वायरला हलका हिसका द्या. सुटली तर तीच. काळवंडलेला भाग कापून, ताजं तांबं सोलून, चांगल्या कनेक्टरमध्ये घट्ट करा आणि तो कनेक्टर झाकणाच्या जंक्शन बॉक्समध्ये ठेवा. दिव्यांसाठी मी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरतो. सहा एलईडींना एवढी जाड लागत नाही, पण बारीक वायर उंदराच्या एका चाव्यात जाते आणि स्क्रूखाली तुटते.

६. पाणी आणि उंदीर

दिव्याखाली डाग आहे म्हणून बरोबर त्याच्या वरचं कौल बदलतात आणि गळती तशीच राहते. पाणी फुटक्या कौलातून आत येतं, रिपेवरून वाशावर, वाशावरून खाली उतरत जातं, मध्येच वायर लागली की वायरवरून, आणि सगळ्यात खालचं भोक मिळेल तिथे पडतं. ते भोक म्हणजे तुमचा दिवा. म्हणून डागापासून वर, आढ्याच्या दिशेने वाशावरचा ओला माग धरत जा. भर पावसात बॅटरी घेऊन बघितलं तर दहा मिनिटांत सापडतं; उन्हाळ्यात शोधायला दिवस जातो.

गळती बंद होईपर्यंत त्या लाइनचे दिवे लावू नका. आणि नव्याने बसवताना एक छोटी काळजी घ्या: वायर ड्रायव्हरमध्ये वरून उतरू देऊ नका. आधी ड्रायव्हरच्या खाली एक झोळ देऊन मग वर चढवा. वायरवरून आलेलं पाणी झोळाच्या तळाशी थेंबून पडतं, ड्रायव्हरच्या आत शिरत नाही.

उंदरांसाठी लवचीक नळी पुरत नाही, ती ते कुरतडतात. कडक पीव्हीसी पाइप, प्रत्येक टोकाला बॉक्स, उघडी वायर फक्त ड्रायव्हरपासून दिव्यापर्यंत. कुरतडलेल्या वायरला टेप लावून पुढे जाऊ नका. एक चावा दिसला म्हणजे न दिसणारे आणखी असतात. तो सगळा तुकडा बदलायचा.

७. आता वायरमनला बोलवा

वरचं सगळं होऊनही आरसीसीबी पडत असेल, नव्या ड्रायव्हरवरही दिवे फडफडत असतील, किंवा इन्व्हर्टर सुरू झाल्यावरच त्रास होत असेल, तर तुमचं काम संपलं. आरसीसीबी पडते म्हणून ती काढून थेट जोडणी करणारे कारागीर भेटतात. त्यांना घरात येऊ देऊ नका. ३० मिलिअँपिअरची ती पेटी घरातल्या मुलांचा जीव वाचवायला बसवलेली आहे, आणि ती पडते आहे म्हणजे कुठेतरी करंट गळतो आहे, हेच ती सांगते.

इन्व्हर्टरच्या बाबतीत दोन गोष्टी वायरमनला विचारा. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे का, कारण त्यावर स्वस्त ड्रायव्हर गुणगुणतात आणि तापतात. आणि इन्व्हर्टरची न्यूट्रल घराच्या दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलमध्ये मिसळली आहे का. दुसरी चूक माळ्यावरच्या खोलीत फार सापडते, कारण ती खोली घराच्या मूळ वायरिंगनंतर वर्षांनी, जवळ मिळेल त्या बोर्डातून तार ओढून केलेली असते.

बोलावताना परवाना विचारा. चांगला माणूस रागावत नाही. तुम्ही लिहिलेला लक्षणांचा कागद त्याच्या हातात द्या, त्याचे दोन तास वाचतात. आणि मेगरने (वायरचं वेष्टन वीज किती अडवतं ते दाखवणारं यंत्र) इन्सुलेशन मोजायला सांगा. ५०० व्होल्टच्या मेगरवर फेज-न्यूट्रल ते अर्थिंग हे मोजमाप १ मेगाओमच्या खाली आलं तर वायर बदलायची, त्यात चर्चा नाही. मोजण्याआधी सगळे दिवे आणि ड्रायव्हर सोडवून ठेवावे लागतात, नाहीतर मेगरचा व्होल्टेज ड्रायव्हरमध्ये शिरतो. ड्रायव्हर त्याने जळूही शकतात आणि आकडाही खोटा येतो.

ही चाचणी श्रावणात, चार दिवस झड लागल्यानंतर करून घ्या. एप्रिलच्या कोरड्या हवेत चिरलेली वायरसुद्धा मेगरवर उत्तम दिसते. त्याच घरात, त्याच वायरवर मी मे महिन्यात २० मेगाओम आणि ऑगस्टमध्ये अर्धा मेगाओमसुद्धा नाही, असं मोजलं आहे.